राजाच्या कायद्यानं मेलेला

“एवढंच म्हणायचंय, हावीस,” जमीनदाराचा कारभारी वैतागून म्हणाला. “‘माझा नवरा मेला, मी विधवा आहे.’ म्हण आणि घर घे.”

“पण तो मेला कुठं? मागल्या उन्हाळ्यात तुम्हीच त्याला वेशीपर्यंत हाकलत नेलंत की!”

जमीनदाराच्या दिवाणखान्यात जमलेलं सारं गाव हसलं. मी तिची शेजारीण, पण मीही हसले. मग माझी मलाच लाज वाटली.

तिचा नवरा वायमंड तसा गरीब स्वभावाचा. एका बाचाबाचीत त्याच्या हातून कुदळ चालली आणि समोरचा माणूस जिवानिशी गेला. फाशी चुकवायला तो चर्चमध्ये धावला आणि वेदीला बिलगून बसला. तिथं राजाच्या शिपायांनाही हात लावता येत नाही. शेवटी पवित्र ग्रंथावर हात ठेवून त्यानं इंग्लंड कायमचं सोडायची शपथ घेतली. अनवाणी, हातात लाकडी क्रूस घेऊन तो बंदराच्या वाटेला लागला. वाट सोडून पाऊल बाजूला टाकलं, तर कुणीही मुंडकं उडवावं. हावीस शेताच्या बांधावरून रडत धावत होती आणि त्याला तिच्याजवळ जायची सोय नव्हती.

अशा माणसाला राजाचा कायदा मेलेला धरतो. नवरा मेला म्हणजे बायको विधवा, आणि आमच्याकडच्या रिवाजानं विधवेचं घर तिच्याकडे राहतं. पण ते तिनं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत म्हणावं लागतं.

“म्हण गं बाई,” मी तिला कोपरानं ढोसलं. “उद्या राजानं माफ केलं नि तो परत आला, तर टेकायला घर नको?”

तिनं ते वाक्य म्हटलं, आणि कुणाकडेही न बघता निघून गेली.

तेव्हापासून तिच्यापुढं वायमंडचं नाव कुणी काढेना. एकदा बिअर गाळताना ती मला म्हणाली, “मॉल्ड, सगळे त्याला मेलेला धरून बोलतात. कधी कधी मलाही खरं वाटायला लागतं. त्याचा आवाजसुद्धा आठवेना झालाय गं.” मी चुलीत आणखी दोन लाकडं सारली.

हिवाळा सरला आणि पाणचक्कीवाल्या हॅमोनं तिला मागणी घातली. माणूस विधुर, प्रेमळ. दळणाच्या मापात थोडं पाप करतो, तेवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही. तिनं नाही म्हटलं नाही. “पाद्रीबाबांना विचारू,” एवढंच बोलली. चला, बाईचं पुन्हा मार्गी लागलं, असं मला वाटलं.

रविवारची प्रार्थना संपली तशी ती हॅमोला घेऊन चर्चच्या दारातच उभी राहिली. मागून लोक बाहेर पडत होते.

“बाबा, चर्चमध्ये सगळ्यांपुढं आमच्या लग्नाचा पुकारा करा.”

पाद्रीबाबा लालबुंद झाले. “अक्कल गहाण टाकलीस का? राजा काय धरायचं ते धरो! चर्चच्या कायद्यात लग्न मरेपर्यंत. तुझा नवरा जिवंत आहे!”

हॅमो बिचारा टोपी चुरगाळत राहिला. हावीसला सावरायला मी पुढं झाले. पाहते तर तिचे डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

“नीट ऐकू नाही आलं बाबा,” ती म्हणाली. “ते शेवटचं जरा मोठ्यानं म्हणा ना.”