शेषरावांच्या कपाळावरची आठी

शुद्ध हरपलेल्या माणसाच्या मेंदूत काही जागं उरतं का, या एका प्रश्नापायी नागपूरच्या डॉक्टर शालिग्राम यांची झोप उडाली होती. महाराष्ट्र होऊन दोन-चारच वर्षं झालेली. मोठी यंत्रं मुंबईला, यांच्या हातात नुसती बॅटरी. त्या प्रश्नापायीच ते देऊळघाट गावी आले होते, आणि इथल्या ओसरीतही त्यांना बसवत नव्हतं. खाटेवर शेषराव होते. कडब्याच्या गाडीवरून डोक्यावर पडल्यापासून डोळे उघडे, पण नजर रिकामी. हाका मारमारून डॉक्टरांचा घसा बसला, चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"तुम्ही हाक मारा," ते शेषरावांच्या बायकोला म्हणाले. "ओळखीचा आवाज खोल पोचतो. पण नावानंच."

कोकिळाबाईंनी तोंडाला पदर लावला. "त्याइचं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मले नाही जमणार, डाक्टरसायब."

"माणूस हातचा चालला आणि तुम्ही लाजता?" डॉक्टर खेकसले. मग स्वतःवरच चिडून दाराशी गेले, परत आले, बॅटरी उगाच लावली, विझवली.

शेवटी कोकिळाबाई खाटेवर वाकल्या. डोळे घट्ट मिटून म्हणाल्या, "शेषराव!"

शेषरावांच्या कपाळावर आठी पडली.

"अवं माय, रागावले!" त्या घाबरून मागं सरल्या.

"हो, रागावले!" डॉक्टर खाटेशी धावले. "बाई, रागवायला माणूस आत असावा लागतो."

कोकिळाबाई झटकन पुन्हा खाटेवर वाकल्या. डोक्यावरचा पदर कधी घसरला ते त्यांना कळलं नाही. नवऱ्याचे दोन्ही गाल धरून त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "शेषराव! ओ शेषराव! रागवा न अजून!"