काकडीत उरलेल्या बारा कॅलरी

मित्रांनो, मी एक जुना कॅलरीमीटर आहे. बंगळुरात, बनशंकरीतल्या एका कॉलेजच्या आहारशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीखालच्या कपाटात माझी जागा आहे. एखाद्या पदार्थात किती ऊर्जा आहे, हे मी तो पदार्थ जाळून सांगतो. दुसरं काही मला येत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात जाड पोलादी भांडं आहे. त्याभोवती दोन लिटर पाणी, ते ढवळणारा एक दांडा आणि एक लांब थर्मामीटर. पदार्थ आधी वाळवायचा, कुटायचा, एक ग्रॅमची गोळी करायची. ती भांड्यात ठेवून प्राणवायू भरायचा, झाकण आवळायचं आणि तारेतून वीज सोडायची. आत काय होतं ते कुणालाच दिसत नाही. बाहेर पाणी अंश-दीड अंशाने तापतं. तेवढंच माझं बोलणं.

पंचवीस वर्षं मी नाचणी, शेंगदाणे, चिक्की आणि बिस्किटं जाळली. माझं रीडिंग चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. त्याचं निम्मं श्रेय रघुजींचं. ते प्रयोगशाळेचे मदतनीस. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी या मुलखात आलं, आणि त्यांच्या मराठीत कन्नड कधी मिसळली हे त्यांनाही सांगता येत नाही. दर वर्षी कॉलेज सुरू होताना ते आधी बेन्झोइक आम्लाची एक गोळी जाळायचे. त्या गोळीत किती उष्णता आहे हे ठाऊक असतं. पण पाण्यात ती सगळी उतरत नाही. काही भाग माझं पोलादच पिऊन टाकतं. तो आकडा रघुजी वहीत लिहून ठेवायचे. तो धरल्याशिवाय माझा कुठलाही हिशेब बरोबर येत नाही.

तीन वर्षांपूर्वी शाल्मली आली. ती नागपूरची. जे. पी. नगरच्या हॉस्टेलवर राहायची. वर्गात इंग्रजी आणि बाहेर कन्नड, त्यामुळे रघुजी आणि आहारशास्त्र शिकवणाऱ्या पुण्याच्या स्मिता मॅडम भेटल्यावर तिचं मराठी माझ्या टेबलापाशीच मोकळं व्हायचं. हाताने नेटकी मुलगी. माझं भांडं ती वापरून झाल्यावर पुसून कोरडं ठेवायची. असं फार थोडे जण करतात.

तिने प्रकल्पाला विषय घेतला : पचवायला लागणारी ऊर्जा मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त, असे पदार्थ खरोखर असतात का? तिच्या वहीत काकडी, दुधी, कोबी अशी यादी होती आणि प्रत्येकापुढे वजाचं चिन्ह आधीच काढलेलं होतं.

"नेटवर सगळीकडे हेच लिहिलं आहे ना, मॅडम," ती म्हणाली. "काकडी खाल्ली की उलट कॅलरी कमी होतात."

"मग चिन्ह खोडून ठेव," मॅडम म्हणाल्या. "उत्तर आधी लिहून प्रयोग करायचा नसतो."

दुपारी एकला तिचा फोन वाजायचा. नागपूरहून आई विचारायची, "जेवली का गं?"

"हो, झालं ना," शाल्मली म्हणायची आणि डबा उघडायची. डब्यात काकडीच्या चकत्या असायच्या. रोज.

"काय अक्का, आज पण काकडीच?" रघुजी म्हणायचे. "गायीला ठीक आहे. तुम्हाला पुरते कशी? स्वल्प चित्रान्न घ्या, आमचा लिंबाचा भात. बायकोने लिंबू जास्त पिळलंय, मला एकट्याला खाऊन शिक्षा नको."

"नको अण्णा, पोट भरलं."

"सरी, बरं," म्हणून रघुजी आपला डबा परत ओढून घ्यायचे.

मॅडम तेव्हा आपल्या खोलीत असत. डबा मला दिसायचा. मला हळहळ वाटली, असं मी म्हणणार नाही. मी यंत्र आहे. माझ्या पाण्याचं तापमान वाढलं नाही.

मग प्रयोग झाला. शंभर ग्रॅम काकडी वाळवल्यावर चारच ग्रॅम उरली, बाकी सगळं पाणी. गोळी केली, जाळली. हिशेबाने शंभर ग्रॅमला सोळा कॅलरी आल्या.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "हा सगळंच जाळतो. काकडीतले तंतू तुझं पोट जाळू शकत नाही. ते वजा कर. मग पचनाचा खर्च. तो उरलेल्याच्या दहाव्या भागाएवढा धर."

शाल्मलीने वजा केलं. बारा उरल्या. पचनाचा खर्च दुप्पट धरून पाहिला, तिप्पट धरला. तरीही शून्याच्या वरच. यादीतला एकही पदार्थ खाली गेला नाही.

"म्हणजे मायनस काहीच नाही?"

"काहीच नाही. छान काम केलंस."

शाल्मलीने वहीत अधिकाचं चिन्ह काढलं. मॅडमनी सही केली. एक गैरसमज दूर झाला, म्हणून त्या समाधानाने वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून शाल्मलीच्या डब्यात काकडी नव्हती. डबा रिकामा होता. ती तो उघडायची, थोडा वेळ समोर ठेवायची, मिटायची. फोन आला की "हो, झालं ना" म्हणायची. रघुजींना वाटलं, कँटीनमध्ये जेवायला लागली असेल.

नवव्या दिवशी गोळी ठेवायची माझी छोटी काचेची वाटी धुताना तिच्या हातून निसटली. वाटी पडून फुटली. ती खाली बसली आणि तिला उठता येईना. रघुजींनी हाक मारली. मॅडम धावत आल्या.

"काही खाल्लंस का आज?"

"मॅडम, काकडीसुद्धा मायनस नाही ना," शाल्मली म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "तुम्हीच दाखवलं."

मॅडम तिच्याशेजारी फरशीवर बसल्या, काचा बाजूला न सारताच.

बोलले ते रघुजी. त्यांनी कपाटातून माझी जुनी वही काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"अक्का, ह्या यंत्राला वर्षाची पहिली गोळी कशाला देतो, ठाऊक आहे का? ह्याचं ह्याला लागतं म्हणून. आधी ह्याचं पोलाद तापणार, मग पाणी. पंचवीस वर्षं देतो. ते नुकसान नाही. त्याला कोण वजा करतं?"

शाल्मली आकड्यांकडे बघत राहिली. माणसांपेक्षा आकड्यांवर तिचा विश्वास अधिक होता.

"आणि माझं?" तिने विचारलं.

"तू नुसती बसलीस तरी त्या बारा कॅलरी तुझं शरीर पाव तासात वापरतं," मॅडम म्हणाल्या. "हृदय, मेंदू, श्वास. ते मी तुला आधी सांगायला हवं होतं. तू विचारलेल्याचं उत्तर दिलं मी. का विचारतेस, ते नाही विचारलं."

तेवढ्यात एक वाजला. टेबलावर फोन वाजला. मॅडमनी तो तिच्या हातात दिला.

"जेवली का गं?"

शाल्मलीने माझ्याकडे पाहिलं, निदान माझ्या दिशेने तरी.

"नाही, आई," ती म्हणाली. "नाही जेवले. बऱ्याच दिवसांपासून."

माझ्यासमोर घेतलेलं ते सर्वांत अचूक रीडिंग होतं.

आई दुसऱ्याच दिवशी आली. मग डॉक्टर, औषधं, सक्तीची सुट्टी. एक वर्ष गेलं. परत आली तेव्हा शाल्मली बरी होत होती. पूर्ण बरी नव्हती. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी बसून रघुजींच्या डब्यातलं चित्रान्न खात होती. अर्धं खाल्लं, अर्धं ठेवलं. काहीही लिहून घेतलं नाही. "लिंबू जास्तच आहे हो, अण्णा," एवढंच म्हणाली.

आता रघुजी निवृत्त झाले आहेत. टेबलावर नवं यंत्र आलं आहे, त्याचे आकडे पडद्यावर उमटतात. मी कपाटात आहे. माझ्या भांड्याच्या कडेला गंज धरू लागला आहे, कारण शेवटच्या वेळी कुणीतरी मला ओलंच ठेवलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. यंत्र कोणतंही असो, काम झाल्यावर त्याला कोरडं करून ठेवा. त्याचं त्याला जे लागतं, ते आधी द्या. मग हात धुवा आणि जेवायला जा. काय जेवलात ते मला सांगू नका. मला ते मोजायचं नाही.