शेजारची दाढ

"दोन बोटं जातात का तोंडात?" मी विचारलं.

धुरपताबाईने माझ्या छबीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "भात जाते ना, बाई. बोटं कायले घालू?"

ती आमच्याकडे भांडी घासायची आणि दुपारी घरी बिड्या वळायची. पोळ्यापासून तिची डावी दाढ ठणकत होती. तंबाखूचा गुडाखू दाबून दाबून हिरडी काळी पडली होती.

"मग सरकारी दवाखान्यात जाऊन काढून का येत नाही?"

"जाईन ना. शेजारचीबी हालून राहिली. ते दुखली का दोन्ही एकाच चिठ्ठीवर काढतो."

मी लग्न होऊन गोंदियाला आले तेव्हा त्या दवाखान्यात दात काढायला पैसे लागत नसत. लोक बाजाराची पिशवी पायाशी ठेवून ओट्यावर बसत, रक्त थुंकत आणि घरी जात. पुढे चिठ्ठीला दोन आणे झाले, मग चार. चिठ्ठी एका खेपेची. तिच्यावर दात कितीही काढा. तेव्हापासून मोहल्ल्यातल्या बाया दुखणं साठवू लागल्या. एकच दात काढून आलेल्या एकीला नळावर ऐकावं लागलं होतं, "मालगुजारीण आहे ते. एका दाताले चिठ्ठी फाडते."

मी पैसे पुढे केले.

"दात माहा न् पैसा तुमचा?" ती हसली, उजव्या बाजूने. मग रोजच्यासारखी पितळी वाटी घेऊन तिची कड छबीच्या हिरडीवर हलकेच टेकवली. "वाजली का समजा दात आला. बीएमधी हे शिकवत नाही तुमाले."

मी मात्र तिच्याच गालाकडे पाहत होते. सूज आधी कानाखाली होती. मग हनुवटीखाली उतरली. तिथली कातडी चकाकू लागली. छबीला तिच्याकडे देताना माझा हात रेंगाळे.

एका सकाळी ती आली ती दारातच थांबली. "शेजारचीबी दुखते आता," म्हणाली. शब्द कापडातून आल्यासारखे येत होते, पण सुरात समाधान होतं. पदराच्या गाठीत चार आणे होते. मी छबीला उचललं आणि तिच्याबरोबर निघाले.

दवाखान्यात शालीकराम कंपाउंडर चिमटे उकळत होते. "चिठ्ठी बंद झाली, माय. आता दाताचे पैसे. एका दाताले आठ आणे."

धुरपताबाईने पदराची गाठ चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. मी रुपया टेबलावर ठेवला. या वेळी तिने तो राहू दिला.

"मुँह खोलो," शालीकराम सवयीच्या हिंदीत म्हणाले.

तिचे ओठ उघडले. दात मिटलेलेच राहिले.

"और खोलो, माय."

त्यांनी चमच्याचा दांडा लावून पाहिला. तोही आत जाईना. हनुवटीखाली बोट दाबलं. लाकडावर दाबावं तसं. मग त्यांनी हात धुतले, बराच वेळ. रुपया माझ्याकडे सरकवला.

"पैसे राहू द्या. इथं नाही होत हे. दुपारच्या गाडीनं नागपूरले न्या. आजच."

धुरपताबाईने अंगठा बोटावर घासून विचारलं, तिथे किती?

शालीकराम चिमटे पुसत राहिले.

तिचा नवरा केवळराम राइस मिलमधून तसाच कोंड्याने भरलेला स्टेशनवर आला. गाडी हलली तेव्हा तिने तोंडावर पदर धरला होता.

संध्याकाळी छबी किरकिरत होती. भांडी तशीच पडली होती. त्यांतली पितळी वाटी मी धुतली आणि छबीच्या हिरडीला टेकवली.

वाटी वाजली.

मी ती पुसून फळीवर ठेवली. धुरपताबाई येऊन वाजवील तोवर घरात कुणाला सांगायचं नाही, असं ठरवलं.