नानासाहेबांनी हरलेलं मतदान

नानासाहेबांनी शिवार पक्ष काढला तेव्हा पाचोडला त्यांची मोसंबीची मोठी बाग होती आणि डोक्यात एकच गोष्ट होती, शेताला पाणी. पक्षाच्या शहरातल्या, उस्मानपुऱ्यातल्या कार्यालयाचं भाडं ते भरत. जीप त्यांची, पत्रकं त्यांच्या पैशानं छापलेली, मोर्चाला आलेल्यांची जेवणंही त्यांच्याच घरी. बिल्डर, ठेकेदारांचा रुपया घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता. "दुसऱ्याचा पैसा घेतला की दुसऱ्याचं ऐकावं लागतं," असं ते म्हणत आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

काही वर्षांनी एका बैठकीत निशानं एक ठराव मांडला. निशा वकील, राहायला शहरातच, पुंडलिकनगरात; पण तिची आई अजून पाचोडच्या बागांमध्ये मोसंबी तोडायला जाते. बागेत बाईला गड्याइतकीच मजुरी मिळावी, हे पक्षानं जाहीरनाम्यात घालावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"मोसंबीला भाव नाय," नानासाहेब म्हणाले. "बागाईतदार मेटाकुटीला आलेत. आपला पक्ष पाण्याचा हाय, मजुरीचा नाय."

मतदान झालं. निशाचा एकटीचाच हात वर झाला.

निघताना ती त्यांच्याजवळ थांबली. "नाना, तुमचं मत मला पटलं नाही, पण ते तुमचं आहे. बाकीच्यांनी मत द्यायच्या आधी तुमच्या तोंडाकडं का बघितलं?"

 पाचोडला परतताना नानासाहेबांच्या जीपमध्ये मोतीराम होता. पहिल्या मोर्चापासूनचा साथीदार. आडूळ गाव मागं पडल्यावर नानासाहेबांनी विचारलं, "खरं सांग, तुला काय वाटतं?"

मोतीराम बाहेर बघत म्हणाला, "काम सारखं आसंल तर पैसे बी सारखेच पायजेत. माझी बायको बी जाती तोडणीला."

"मग हात का नाय केला वर?"

"तुमच्या जीपीत बसायचं, तुमच्याकडं जेवायचं आन् हात तुमच्याच इरोधात करायचा? जमत नाय मालक."

इतक्या वर्षांत मोतीरामनं त्यांना कधी मालक म्हटलं नव्हतं. तो शब्द नानासाहेबांना फार लागला. घरी येऊन त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना, सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "त्यात नवल काय?" त्या म्हणाल्या. "घरात बी तेच व्हतं."

पुढच्याच महिन्यात नानासाहेबांनी नियम मांडला: वर्षाला पाचशे रुपयांच्या वर कुणीही पक्षाला द्यायचे नाहीत, त्यांनी स्वतःसुद्धा. सगळे हादरले. "नाना, पक्ष बंद पडंल."

"पडला तर तो माझा एकट्याचाच व्हता म्हणायचं."

कार्यालय सोडलं. बैठका निशाच्या घरी भरू लागल्या. पाचोडच्या आठवडी बाजारात कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन उभे राहिले. नानासाहेबही उभे राहिले. हात द्यायला सरावलेला, मागायला नाही. पहिल्या दिवशी ते नुसतं पावतीपुस्तक पुढं धरत. एका भाजीवाल्या आजीनं दहा रुपये दिले आणि वस्तीला अजून रस्ता नाही म्हणून त्यांना चांगलंच सुनावलं. त्यांनी ते उन्हात उभं राहून ऐकून घेतलं. पक्ष रोडावला, पण पडला नाही. नवे लोक आले. हमाल आले, तोडणीच्या बाया आल्या, आणि त्या बैठकीत बोलायला लागल्या.

पावसाळा संपता संपता निशानं ठराव पुन्हा मांडला. या वेळी नानासाहेबांकडं कुणी बघितलं नाही. भराभर हात वर झाले, त्यात मोतीरामचाही होता. विरोधात मोजकेच हात, आणि त्यात नानासाहेबांचा. त्यांचं मत बदललं नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

ठराव पास झाला. आता नाना पक्ष सोडणार, असं बऱ्याच जणांना वाटलं. ते उठले आणि म्हणाले, "बागाईतदारांना सांगायला मी जातो. दुसऱ्या कुणाला ते दारात उभं करायचे नायत."

आणि ते खरंच गेले, बागोबाग हिंडले. बद्रीनाथ त्यांच्या भावकीतलाच एक बागायतदार, त्यानं गाठून विचारलं, "तुम्ही तर सोता इरोधात व्हता ना?"

"व्हतो. माझं मत पडलं. पक्षाचं ठरलं ते ठरलं."

"मग तुमच्या बागेत देता का सारखी मजुरी?"

"या तोडणीपासनं देतोय. जड जातंय, पण देतोय."

बद्रीनाथ कुरकुरला, पण त्यानंही दिली. आणखी काहींनी दिली, काहींनी हाकलून लावलं.

जिल्हा परिषदेला पाचोडमधून निशा उभी राहिली आणि पडली. दुसऱ्या नंबरची मतं मिळाली. पण पुढच्या निवडणुकीला एका बड्या पक्षाच्या पत्रकावर समान मजुरीचं वचन छापून आलं. निशा ते पत्रक घेऊन तणतणत आली. "नाना, आपला मुद्दा चोरला!"

नानासाहेबांनी पत्रक दोनदा वाचलं. "चोरू दे की," ते म्हणाले. "लई जणांनी चोरावा."

त्यानंतरच्या बैठकीत त्यांनी ठिबकच्या अनुदानाचा ठराव मांडला. त्यावर कडाक्याचं भांडण झालं. तोडणीच्या बायांनी त्यात अल्पभूधारक आधी, अशी अट घालायला लावली आणि मगच तो पास झाला. नानासाहेब घसा बसेपर्यंत भांडले होते. बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. मोतीरामनं त्यांना गप्प केलं आणि प्रत्येकाकडून चहाची वर्गणी काढली.