झड लागली की थांबणारी नाव

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. हसू नका! धड चार पावसाळेही पाहिले नाहीत, पण धारणीकडच्या या धरणाच्या काठावर मला आताच सगळे जुनी म्हणतात. मी उन्हावर चालते. डोक्यावर सौर पॅनेलचं छप्पर, पोटात बॅटरी आणि मागे विजेवर फिरणारा पंखा.

अकोल्याच्या एका शेडमध्ये मी घडले. ट्रकवर बसून, अकोटहून पुढे घाटातले खड्डे खात इथे आले. धरण झालं तेव्हा गाव पाण्यापलीकडे राहिलं. रस्ता, बाजार, दवाखाना सगळं अलीकडे. रानातून फिरून यायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून मला आणलं. हार घातले, नारळ फोडला. ना धूर, ना आवाज, ना डिझेल! बाया बाजाराला निघाल्या की पाण्यावरची बदकंसुद्धा माझ्यामुळे उडत नसत. माझा नावाडी सहदेव मला रोज पुसायचा. खरं सांगते, मला फार गर्व झाला होता.

पण आमच्याकडचं गणितच उलटं. वैशाखात ऊन असं की बॅटरी दुपारआधीच भरते, आणि पाणी आटून मी चिखलात रुतलेली. पाणी काठोकाठ भरतं ते श्रावणात, आणि तेव्हा ऊन गायब! मी काय करू?

गेल्या श्रावणात झड लागली. दिवसच्या दिवस रिपरिप, आभाळ उघडेना. गावातली वीज गेली. मग मोबाइल चार्ज करायला सगळं गाव माझ्याकडे. सहदेव कुणालाच नाही म्हणाला नाही. "लावा बापा, लावा." त्याची वहिनी शकुनही यायची. तिची मुलगी वर्षाली अमरावतीला राजापेठेत क्लासला होती. तिचा आवाज ऐकल्याशिवाय शकुनला जेवण जात नसे.

आणि एका दुपारी कपाशीत निंदताना शकुनच्या उजव्या हाताला घोणस चावली.

सहदेवनं तिला उचलून माझ्यात निजवलं. मी निघाले. जिवाच्या आकांतानं निघाले हो! पण मध्यावर बॅटरी संपली, पंखा मंदावला आणि बंदच पडला. वल्ही? ती उद्घाटनाच्या दिवशीच काढली होती. सौर नावेत वल्ही दिसली तर फोटो काय येईल, म्हणाले सगळे. नंतर ती कुणाच्या तरी मांडवाला लागली.

"हे थांबली कावून, भाऊजी?" शकुननं विचारलं. तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

"काही नाही, वयनी. डोये मिटू नोको. बोलत राय माह्यासंगं."

सहदेवनं घमेल्यानं पाणी मारून पाहिलं. वारा मला मागेच ढकलत होता. शेवटी त्यानं पाण्यात उडी घेतली आणि पोहत पोहत मला ढकलू लागला. ती वर्षालीचं नाव घेत होती, मध्येच गप्प होत होती. मी नुसती तरंगत होते. डोक्यावर एवढं मोठं छप्पर, आणि त्याचा उपयोग काय तर तिच्या तोंडावर पाऊस पडत नव्हता!

काठ लागला. जीपनं तिला नेलं. जीव वाचला, पण फार उशीर झाला होता. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. आता त्या हातात खुरपं धरवत नाही. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, हार घाला असं मी म्हणत नाही. मी वाईट नाही. पाणी आणि ऊन दोन्ही असेल तेव्हा माझ्यासारखी सोय नाही. पण झडीत मी लुळी पडते, हे मला आणण्याआधीच बोलायला हवं होतं. आता तरी मला दोन वल्ही द्या. माझ्यातली वीज अडल्यानडल्यासाठी राखून ठेवा. मला ते स्वतःच्या हातानं करता येत नाही हो.

काल लख्ख ऊन होतं, बॅटरी गच्च भरली होती. शकुन डोक्यावर गाठोडं घेऊन रानाच्या वाटेनं बाजाराला निघाली होती. सहदेवनं हाक मारली, "वयनी, बस ना! आज ऊन हाय."

"आज हाय," ती म्हणाली आणि चालत राहिली.