उत्तररंगाची वाट

मित्रांनो, कोलकात्यात एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तागाच्या पोत्यांचा व्यापार करणारं छोटं ऑफिस आहे. तिथे पाण्याच्या माठाशेजारी जो काळा डबा दिवसभर घरघरत असतो, तो मी. या ऑफिसचा जुना मेल सर्व्हर. बाहेरून येणारं प्रत्येक ईमेल आधी माझ्या दारात थांबतं, मग माणसांपर्यंत जातं.

कोणत्या कारखान्यात माझा जन्म झाला, ते मला आठवत नाही. आठवतात ते मला इथे बसवणारे मिहीर आणि मला नियम शिकवणाऱ्या सुहासिनीताई. त्याआधी शेजारच्या ऑफिसात कुणीतरी बिल समजून एक फाइल उघडली होती, आणि तिथले सगळे संगणक एका दुपारीत निकामी झाले होते. म्हणून ताईंनी ठरवलं, की जी फाइल उघडताच आपली आपण चालू लागते, ती आत सोडायची नाही. पाठवणारा देव असला तरी.

"फक्त फेकू नको," मिहीर म्हणाले होते. "महिनाभर बाजूला ठेव."

ती बाजूची जागा धड आत नाही, धड बाहेर नाही. म्हणून मी तिला ओसरी म्हणतो.

ऑफिसचे मालक श्रीधरकाका सुरुवातीला चिडायचे. "सुहास, तुझा हा डबा माझ्या सख्ख्या मेहुण्याला ओळखत नाही."

"त्याला सोयरीक कळत नाही काका, म्हणून तर दारात बसवलाय."

काका हसायचे, आणि मी मनातून फुलायचो.

ताईंचे वडील, आप्पा, कुरुंदवाडला कीर्तन करायचे. माझ्यावरची धूळ पुसताना ताई त्यांचीच पदं गुणगुणायच्या. काकांचा जन्म कोलकात्याचा. कीर्तन म्हटलं की त्यांना खोल नावाच्या मृदंगाच्या आणि करतालांच्या गजरात नाचणारी इथली मंडळी आठवायची. मग चहा पिता पिता ताई समजावून सांगत. "आमच्याकडे आधी पूर्वरंग. अभंग घ्यायचा, त्याचा अर्थ उलगडायचा. मग बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे गोष्ट. बुक्का लागल्याशिवाय आप्पा गोष्टीतला एक शब्द काढायचे नाहीत."

ते ऐकून मलाही ओढ लागली. इतकी पत्रं माझ्या दारातून गेली, पण हरिकथा कधी आली नव्हती.

आणि एक दिवस ती आली. पण कशी आली ते ऐका.

आप्पांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहील याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी लेकीसाठी एक शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित करून घेतलं. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानदारानं, ताईंना सोपं जावं म्हणून, पूर्वरंगाचं आपोआप उघडणारं पुडकं बांधलं आणि पाठवून दिलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण नियम तो नियम. देव दाराशी उभा होता आणि मी आडवा उभा होतो. मी पुडकं ओसरीवर ठेवलं, ताईंना सूचना धाडली. ती हंगामाच्या बिलांच्या ढिगाखाली गेली.

ताईंचं उत्तर आलं नाही. आप्पांनी विचारलंही नाही. श्रोत्याला "आवडलं का" असं कीर्तनकार विचारत नाही. ते मुकाट्यानं ऑपरेशनला गेले. आवाज गेला तो गेलाच.

मग एका सकाळी ताईंच्या आईचा फोन आला. "सुहास, हे पाटीवर लिहून विचारताहेत, पूर्वरंग ऐकलास का म्हणून."

ताई माझ्यापाशी धावत आल्या. ओसरीवर आप्पांचं नाव दिसलं. महिना भरत आला होता.

"सोड आत," काका म्हणाले. "बापाचा आवाज आहे."

ताईंनी बोटं कळफलकावर ठेवली. मग त्यांनी हात मागे घेतला. "नियम माझाच आहे काका. बापासाठी मोडला, तर उद्या तुमच्या मेहुण्याला काय सांगू?"

त्यांनी मिहीरना बोलावलं. मिहीरनी कशालाच न जोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर ते पुडकं नेलं आणि चालू न करता, शिवण उसवावी तसं बाजूनं सोडवलं. आत खरोखरच विषारी काटा होता, दुकानाच्या संगणकातून चिकटलेला. पण काट्याशेजारी आप्पांचा आवाज अखंड होता.

तो आवाज खोलीत भरला, मित्रांनो, आणि माझी घरघर मलाच नकोशी झाली. ताईंनी व्हिडिओ कॉल लावला होता; फोनच्या पडद्यावर गळ्याला पट्टी बांधलेले आप्पा मांडीवर ताल धरून बसले होते. पूर्वरंग संपला. ताईंनी डबीतला बुक्का पडद्यावरच्या आप्पांच्या कपाळाला लावला. काकांनी गणपतीसाठी आणलेला हार फोनभोवती ठेवला. मग सगळे गोष्टीची वाट पाहू लागले.

आप्पांनी पाटी वर धरली. 'तू ऐकल्याचं कळलं, की उत्तररंग पाठवणार होतो.'

पण उत्तररंगाचं ध्वनिमुद्रण दुकानातच राहिलं होतं. त्याच काट्यानं दुकानाचा संगणक पुसून टाकला होता.

मग ताई म्हणाल्या, "आप्पा, बुक्का लावलाय मी. आता गोष्ट सांगावीच लागेल. पाटीवर नाही, पत्रात. साधं पत्र, काही न बांधलेलं."

तेव्हापासून आप्पांची पत्रं येतात, चार-चार ओळींची. मी ती क्षणभरही अडवत नाही. ताई त्या ओळी आप्पांच्याच चालीवर म्हणतात, आणि काका पेनानं टेबलावर ठेका धरतात.

आता मी थकलो आहे. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर माझ्या जागी नवी व्यवस्था येणार आहे, असं ऐकतो. आप्पांची गोष्ट मात्र अजून अर्ध्यावरच आहे. त्या दिवशी उरलेला बुक्का ताईंनी माझ्याही कपाळाला लावला होता. त्याचा डाग अजून आहे. धूळ पुसताना ताई तेवढी जागा सोडतात.

मित्रांनो, दार राखायचं तर राखाच, ओळखीच्या नावालाही भुलू नका. पण अडवलेलं फेकून देऊ नका. आणि दिवसातून एकदा तरी ओसरीवर डोकावत जा. तिथे कुणीतरी आपलं, काही न विचारता, थांबलेलं असतं.