छतापर्यंत न पोचलेली भिंत

"आमच्या केंद्रात भिंतींनाही कान नाहीत!" असं अध्यक्षांनी उद्घाटनाला छाती फुगवून सांगितलं होतं. खोटं नव्हतं. कान असायला आधी भिंत लागते. समुपदेशनाच्या खोलीला होतं ते प्लायवूडचं पार्टिशन, तेही छताच्या हातभर खालीच दमलेलं. पलीकडे हिशेब विभाग. समुपदेशक ताई भिंत मागून मागून थकल्या. अध्यक्षांचं उत्तर ठरलेलं: "अहो, वरून हवा खेळती राहते!"

समोर बसलेली तरुणी मागच्या खेपेला एकच वाक्य बोलली होती: ओळखीच्याच माणसानं जबरदस्ती केली. मग पर्स उचलून निघून गेली होती. आज तिनं पर्स खाली ठेवली.

"इथलं बाहेर जात नाही ना, ताई?"

"नाही. पोलिसांत जायचं की नाही, घरी सांगायचं की नाही, तूच ठरवायचं."

तिनं श्वास घेतला. त्याच क्षणी पलीकडची खडखड थांबली. तिकडचा पंखाही बंद झाला. कुणाची तरी खुर्ची करकरली, त्या खुर्चीलाही कुणीतरी "शूऽऽ" केलं.

हिशेब विभाग मनाचा मोठा. बिचारीला व्यत्यय नको म्हणून सगळे श्वासही जपून घेत होते. टाचणी पडली असती तरी तिची चौकशी झाली असती.

तरुणीचं तोंड मिटलं. हात पर्सकडे गेला.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला काढून त्या खुर्चीवर चढल्या आणि पार्टिशनवरून डोकं काढलं.

"काका, हे काय चाललंय?"

"तुमच्यासाठीच गप्प बसलोय," हिशेबनीस काका कुजबुजले. "आम्ही काऽही ऐकत नाही."

"मग बाहेर तरी जा!"

"जेवणाच्या सुट्टीआधी जागा सोडली तर रजा लागते, ताई."

"मग आवाज करा!"

"कसला?"

"कसलाही! भांडा!"

या कामाला विभाग एका पायावर तयार होता. खिडकी कोण उघडी टाकतं इथून निघालेला विषय बघता बघता कुणाच्या तरी बढतीवर पोचला.

ताई खाली उतरल्या. एवढं शिकून शेवटी भिंतीचं काम भांडणावर भागवायचं! "चिडलेय मी," त्या म्हणाल्या, "पण तुझ्यावर नाही हं."

तरुणी पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे बघत होती. हळूहळू ती बोलू लागली. एक वाक्य, मग दुसरं. मध्येच थांबली. ताईंचा जीव टांगणीला लागला.

"ताई," ती म्हणाली, "त्यांना जरा हळू भांडायला सांगता का? मला माझंच ऐकू येत नाहीये."